बाई, मग मोजायचं कशाला?

पत्र

आदरणीय बाई,

मी जिंतूर तालुक्यातल्या एका खाजगी अनुदानित शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. नोकरीचं तिसरं वर्ष आहे. नववीच्या वर्गात ६४ लेकरं आहेत. प्रयोगशाळेची खोली आहे, पण अर्ध्या खोलीत पोषण आहाराच्या तांदळाची पोती आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडं. काही फुटलं तर सामानाच्या डेडस्टॉक रजिस्टरला काय लिहायचं, कुणाला भाजलं तर पालकांना कोण तोंड देणार, असं ते म्हणतात. मी टेबलावर प्रयोग करून दाखवतो, तो पुढच्या दोन ओळींना दिसतो. जर्नलं मात्र सगळ्यांची पूर्ण असतात, कारण मागच्या वर्षीच्या मुलांची बघून उतरवतात. तास ३५ मिनिटांचा, लाइटचा भरवसा नाही. पालक म्हणतात, प्रॅक्टिकलचे मार्क तर मिळतातच, तुम्ही पोर्शन संपवा. बाई, सुरुवात कुठून करू? की मोबाइलवर व्हिडिओ दाखवून भागवू?

– एक विज्ञान शिक्षक, परभणी जिल्हा

उत्तर

सर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तांदळाच्या पोत्यांपाशी अडखळले, दुसऱ्यांदा जर्नलच्या ओळीपाशी. पोती एका दुपारी हलतील. जर्नलचं दुखणं जुनं आहे, म्हणून तिथूनच बोलते.

मागच्या वर्षीची वही उतरवणारं लेकरू आळशी नसतं. प्रयोगाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि आपल्या हाताला काय आलं ते इथं कुणी विचारत नाही, एवढं त्याला बरोबर कळलेलं असतं. मग त्यानं उतरवलं तर त्यात त्याचं काय चुकलं? तुम्ही उद्या लाखभर रुपयांचं सामान आणलंत आणि हे तसंच राहिलं, तर लेकरं नव्या सामानासमोर बसून जुनीच वही उतरवतील. म्हणून माझा सल्ला एवढाच: प्रत्येक लेकराच्या हातून निदान एक तरी रीडिंग घडू द्या, आणि जे आलं तेच पेनानं वहीत लिहू द्या. पेन्सिल नको. पेन्सिलीनं लिहिलं की रबर हातात येतोच.

पहिला प्रयोग झोक्याचा, म्हणजे दोऱ्याला नट टांगून झुलवायचा घ्या. त्याला कपाटाची किल्ली लागत नाही, लाइट लागत नाही आणि फुटण्यासारखं काही नाही. हार्डवेअरच्या दुकानातून मध्यम आकाराचे सोळा नट आणा, शिवणकामाच्या जाड दोऱ्याचं एक रीळ आणा. चौघांचा एक गट, म्हणजे ६४ लेकरांचे सोळा गट. दोऱ्याच्या लांब्या आठच ठेवा: १६, २५, ३६, ४९, ६४, ८१, १०० आणि १२१ सेंटिमीटर. एका लांबीला दोन गट द्या, पण त्यांना खोलीच्या दोन टोकांना बसवा. लांब दोरे खिडकीच्या गजाला, आखूड बाकाच्या कडेला. लांबी मोजायची ती गाठीपासून नटाच्या मध्यापर्यंत, आणि ही गोष्ट एकदा सांगून भागत नाही.

सोळा गटांना सोळा स्टॉपवॉच कुठून आणायचे, म्हणून हा प्रयोग बहुतेक शाळांत अडतो. ते लागतच नाहीत. घड्याळ तुमच्याकडं एकच असू द्या. तुम्ही "सोडा" म्हणायचं आणि बरोबर ६० सेकंदांनी "थांबा" म्हणायचं. तेवढ्या वेळात प्रत्येक गटानं आपल्या नटाचे पुरे झोके मोजायचे, म्हणजे जिथून सोडला तिथं परत आला की एक. एकानं सोडायचं, दोघांनी एकमेकांकडं न बघता मनात मोजायचं, चौथ्यानं दोन्ही आकडे लिहायचे. मग कामं बदलायची. चार फेऱ्या झाल्या की चौघांनीही सगळी कामं केलेली असतात, आणि बांधाबांधीसकट पस्तीस मिनिटांत बसतं. नट फार लांब ओढू देऊ नका, दोऱ्याच्या लांबीच्या पाचव्या हिश्श्याइतका पुरे.

दोन चुका हमखास होतील. पहिली, सोडतानाच "एक" म्हणायचं. सोडताना "शून्य" म्हणायचं असतं, नाहीतर सगळीकडं एक झोका फुकटचा वाढतो. हे आधी सांगू नका. एकाच लांबीच्या दोन गटांना ३० आणि ३१ आले की त्यांनाच समोरासमोर उभं करा आणि मोठ्यानं मोजायला लावा. चूक कुठं आहे ते वर्गालाच ऐकू येईल. दुसरी चूक लांबीची. ती पुढं सांगते, कारण ती माझ्या मनाला लागलेली आहे.

आता फळ्यावर मांडा. १६ सेंटिमीटरला साधारण ७५ झोके येतील, २५ ला ६०, ३६ ला ५०, ४९ ला ४३, ६४ ला ३७, ८१ ला ३३, १०० ला ३० आणि १२१ ला २७. लांब्या सगळ्या पूर्ण वर्ग का घेतल्या ते लेकरांनाच विचारा. गणिताचं कुणीतरी ओळखतं. मग लांबीचं वर्गमूळ आणि झोके यांचा गुणाकार करायला सांगा. चार गुणिले पंचाहत्तर, पाच गुणिले साठ, सहा गुणिले पन्नास. मागच्या बाकावरून आवाज येतो, "बाई, सगळ्यांचे तीनशेच यायलेत!" कुणाचे २९७, कुणाचे ३०३ येतील. येऊ द्या. वेगवेगळ्या सोळा हातांनी मोजलेले आकडे एका जागी येऊन बसतात, तो क्षण मी शिकवण्याच्या एकतीस वर्षांत शेकडो लेकरांच्या चेहऱ्यावर पाहिला. त्यासाठी मी पुन्हा शाळेत जाईन.

दहावीला हाच प्रयोग पुढं न्या. १०० सेंटिमीटरला मिनिटात ३० झोके, म्हणजे एका झोक्याला २ सेकंद. चार गुणिले पायचा वर्ग गुणिले लांबी भागिले झोक्याच्या काळाचा वर्ग, असं करून बघा: ९.८६ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात गुरुत्व त्वरणाचा ९.८ हा आकडा छापलेला असतो आणि लेकरं तो गुणाकाराला वापरत राहतात. तो नटाला दोरा बांधून वर्गाच्या खिडकीत सापडतो, हे कळल्यावर पुढचे आकडेही ती जरा वेगळ्या नजरेनं बघतात.

आता माझी चूक सांगते. नोकरीच्या चौथ्या वर्षी आमच्याकडं नट नव्हते, लेकरांनी ओढ्यातून गोटे आणले होते. एका मुलीच्या गटाची लांबी ३६ आणि झोके ४७. सगळ्या वर्गाचे गुणाकार तीनशेच्या आसपास, हिचा २८२. मी तिच्या वहीतल्या ४७ वर लाल पेनानं काट मारली आणि ५० लिहिलं. ती म्हणाली, "बाई, मी चारदा मोजलं." मी म्हणाले, चुकून मोजलं असेल. तेव्हा तिनं विचारलं, "बाई, मग मोजायचं कशाला?" मी उत्तर न देता पुढच्या बाकाकडं गेले.

घरी गेल्यावर ते डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी तिचा गोटा हातात घेतला. आठ सेंटिमीटर उंच होता आणि तिनं दोरा गोट्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजला होता. खरी लांबी मध्यापर्यंत, म्हणजे ४०. चाळीसचं वर्गमूळ ६.३२, त्याला ४७ नं गुणलं तर २९७. तिचं मोजणं वर्गातल्या कुणाइतकंच चोख होतं. दोऱ्याला टांगलेली वस्तू कुठून कुठपर्यंत धरायची, हा त्या तासाचा सगळ्यात मोठा धडा तिच्या ४७ मध्ये होता आणि मी तो लाल पेनानं खोडला होता. मी वर्गासमोर तिची माफी मागितली, तिच्या गोट्यावर सगळ्यांकडून पुन्हा प्रयोग करून घेतला. पण लाल काट वहीत राहिलीच. तेव्हापासून कुणाचं रीडिंग मी खोडलं नाही. न जुळणाऱ्या आकड्याशेजारी फक्त लिहायचे, "असं का आलं असेल?"

तुमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं तिच्या बांधकामाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा एकमेकींशी काटकोनात असणार आणि गुरुत्वीय लहरीमुळं, म्हणजे अवकाशातल्या प्रचंड घडामोडींतून पसरणाऱ्या तरंगांमुळं, त्यांच्या लांबीत पडणारा, प्रोटॉनच्या आकारापेक्षाही कितीतरी लहान फरक ती टिपणार. हे लेकरांना झोक्याच्या तासानंतर सांगा, आधी सांगू नका. गोट्याचा मध्य धरायचा की वरचं टोक, यावर अर्धा तास वाद घातलेल्या लेकराला ते काम किती कठीण आहे याचा अंदाज येतो. जिंतूरच्या एखाद्या पोरीनं उद्या तिथं काम करावं असं मला फार वाटतं, आणि ते वाटण्यात काही गैर नाही.

दुसरा प्रयोग दगडाचा. स्वयंपाकघरात वापरतात तो डिजिटल वजनकाटा तीन-चारशे रुपयांना मिळतो, एक ग्रॅमपर्यंत दाखवतो. शाळेकडं पैसे नसतील तर तुम्ही घ्या सर, घरीही उपयोगी पडेल. लेकरांना रानातून येताना मुठीएवढा काळा दगड आणायला सांगा, शिवाय विटेचा तुकडा, एखादा लोखंडी बोल्ट. आधी दगडाचं वजन करा. मग काट्यावर पाण्यानं अर्धी भरलेली बादली किंवा पातेलं ठेवा, आकडा शून्य करा, आणि दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. दोरा लेकराच्या हातातच राहील.

काटा आकडा दाखवायला लागतो! दगड तर दोऱ्यानं धरलाय, तळाला टेकला नाही, मग वजन वाढलं कसं? इथं तुम्ही गप्प बसा. निदान पाच मिनिटं बसा. "दोरा ढिला झालाय", "पाणी चढलंय म्हणून", "काटा बिघडलाय", सगळं बाहेर येऊ द्या. मग कुणीतरी दोरा पकडलेल्या पोराला विचारतं, "तुला हलकं लागायलंय का रे?" आणि तो हो म्हणतो. पाणी दगडाला वर ढकलतं, म्हणून दगड तितक्याच जोरानं पाण्याला खाली ढकलतो. न्यूटनचा तिसरा नियम आणि आर्किमिडीज एकाच बादलीत हाताला लागतात. वाढलेले ग्रॅम म्हणजेच दगडाचं घनसेंटिमीटरमधलं आकारमान, कारण एक घनसेंटिमीटर पाण्याचं वजन एक ग्रॅम. २९० ग्रॅमच्या दगडाला काटा शंभराच्या आसपास चढला तर घनता २.९. आपला मराठवाडा ज्या लाव्हाच्या थरांवर उभा आहे त्या बेसाल्टची घनता २.८ ते ३ च्या घरात येते. दगड भुसभुशीत, छिद्रांचा असेल तर कमी येईल, तेही बरोबरच. विटेचा तुकडा बुडवला तर बुडबुडे निघत राहतात आणि काट्यावरचा आकडा हळूहळू खाली सरकतो. का, ते मी लिहीत नाही. तुमची लेकरं सांगतील.

तिसरी गोष्ट प्रयोगाच्या यादीत कुठंही नाही, पण मला टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी लातूर जिल्ह्यातल्याच एका शाळेत होते. शाळा पुन्हा भरली त्यानंतर काही दिवसांनी एका मुलानं विचारलं, "बाई, आमचं माळवद पडलं, बाजूचा पत्र्याचा गोठा तसाच कसा राहिला?" मी त्या दिवशी बोलू शकले नाही. पुढच्या आठवड्यात एक लोखंडी परात आणली. काड्यापेट्यांना ओली माती लावून दोन सारखी घरं रचली, एकावर पुठ्ठ्याचं छप्पर ठेवलं आणि दुसऱ्यावर मातीचा जाड थर. परात आडवी हलवली. मातीच्या छपराखालच्या भिंती आधी गेल्या. वरचा जड थर जागा सोडायला तयार नसतो, खालून जमीन सरकते आणि मधल्या भिंतींवर सगळा ताण येतो. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यावर लाकडावर पसरलेला मातीचा जड थर, अशी माळवदाची घरं त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर कोसळली. जडत्वाची व्याख्या त्या वर्गाला मी पुन्हा कधी पाठ करायला लावली नाही. हा प्रयोग घ्यायचा तर लेकरांना आधी घरी आजी-आजोबांशी बोलून यायला सांगा, आणि ज्याच्या घरात त्या रात्रीचं दुःख आहे त्या लेकराला परातीला हात लावायचा आग्रह करू नका.

रसायनाकडं वळते. तुमच्याकडं सगळ्यात भरपूर असलेलं रसायन म्हणजे बोअरचं पाणी. प्रत्येकानं घरचं पाणी बाटलीत आणायचं: बोअर, आड, नळ, टँकर, जार, आणि मिळालं तर पावसाचं धरून ठेवलेलं. बाटल्यांवर नावं लिहू नका, नंबर टाका. कुणाच्या घरी जार येतो आणि कोण टँकरमागं घागर घेऊन धावतं, हे वर्गासमोर यायचं कारण नाही. एक ग्रॅम अंगाचा साबण किसून शंभर मिलिलिटर पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात विरघळवा. धुण्याची पावडर आणि शाम्पू नको, त्यांचा फेस क्षारांच्या जड पाण्यातही होतो आणि प्रयोगच उलटतो. प्रत्येक नमुन्याचे दहा मिलिलिटर घेऊन झाकणाच्या लहान बाटलीत घाला, ड्रॉपरनं साबणाचे थेंब टाकत जा, दर वेळी झाकण लावून दहादा हलवा. फेस मिनिटभर टिकला की थांबा आणि थेंब लिहा. पावसाच्या पाण्याला मोजके थेंब लागतात, बोअरच्या पाण्याला कितीतरी जास्त, आणि वर पांढरट साका धरतो. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाची अभिक्रिया होते, ते संपेपर्यंत फेस होत नाही. मग तेच बोअरचं पाणी उकळून, निववून, गाळून बघा. त्यानंतर चिमूटभर धुण्याचा सोडा घालून बघा. उकळल्यानं थेंब किती घटले आणि सोड्यानं किती, यातून पाण्याचा तात्पुरता आणि कायमचा दुष्फेनपणा, म्हणजे साबणाला फेस न होऊ देण्याचा गुण, वेगळा होतो. बंबात आणि पातेल्यात बसणारा पांढरा थर लेकरांनी घरी पाहिलेलाच असतो.

एक पथ्य मात्र पाळा. फेस चांगला झाला म्हणजे पाणी पिण्यायोग्य, असा निष्कर्ष कुणालाही काढू देऊ नका. जंतू, नायट्रेट, फ्लोराइड यातलं काहीच साबण सांगत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आपल्या भागात पाण्याबद्दल एखादा आकडा बोलायचा तर जबाबदारीनं बोलावा लागतो, हे लेकरांना नववीतच कळलेलं बरं.

बाकीचं थोडक्यात. हळदीचा कागद करा: हळद पाण्यात कालवून जुन्या वहीच्या कोऱ्या कागदाला लावा, सावलीत वाळवा. चुन्याच्या निवळीत लाल, लिंबात पुन्हा पिवळा. जास्वंदीच्या फुलाचं पाणी आम्लात लालसर आणि आम्लारीत हिरवट होतं. कृषी सेवा केंद्रातून पावशेर मोरचूद (कॉपर सल्फेट) आणलंत तर वर्षभर पुरतं. त्याच्या निळ्या द्रावणात घासून स्वच्छ केलेला खिळा ठेवला की काही मिनिटांत तांबूस होतो. निळे खडे तापवले की पाणी सोडून पांढरे पडतात आणि थेंबभर पाण्यानं पुन्हा निळे. पाण्याचं प्रमाण वजनाच्या ३६ टक्के असतं, तुमच्या नव्या काट्यावर मोठा नमुना घेऊन तपासता येईल. मोरचूद विषारी आहे, हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू देऊ नका आणि उरलेलं द्रावण जनावरं पाणी पितात तिथं ओतू नका.

भिंगासाठी फुटपाथवर मिळणारा वाचायचा चष्मा घ्या. नंबर +२ असेल तर नाभीय अंतर ५० सेंटिमीटर, +४ असेल तर २५. खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडाची उलटी प्रतिमा भिंतीवर पाडायची आणि पट्टीनं मोजायचं. सूर्याची प्रतिमा पाडायची नाही आणि भिंगातून सूर्याकडं कुणी बघायचं नाही.

तांब्याच्या तारेसाठी गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडं जा. आपल्याकडं उन्हाळ्यात पंप जळतात, त्याच्याकडं तारेचे तुकडे पडलेले असतात आणि शाळेसाठी म्हटलं की तो पैसेही घेत नाही. विद्युतचुंबक करताना तारेच्या दोन्ही टोकांवरचं लॅकर काचपेपरनं खरवडायला विसरू नका. निम्म्या शाळांत हा प्रयोग "होत नाही" तो याच कारणानं. सेल फार वेळ जोडून ठेवला तर तार तापते आणि सेल उतरतो, म्हणून जोडा, बघा, सोडा. मल्टीमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो अँपिअरवर ठेवून थेट सेलच्या दोन टोकांना लावला की फ्यूज गेलाच समजा. भिंतीतल्या प्लगची वीज कुठल्याही प्रयोगाला नको, कधीच नको.

आता मुख्याध्यापकांची भीती. ती खरी आहे आणि तुम्ही ती खरी मानलीत तर किल्ली लवकर मिळेल. आधी त्यांना झोक्याच्या तासाला बोलवा. मग त्यांच्यासोबतच कपाट उघडा. चिठ्ठी गेलेल्या बाटल्या उघडू नका, वास घेऊन ओळखू नका, मोरीत ओतू नका. त्या बाजूला काढून यादी करा आणि जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाला विचारा. फुटलेल्या थर्मामीटरचा पारा कुठं सांडलेला दिसला तर लेकरांना त्या खोलीत आणू नका. फुटतुटीची एक साधी वही ठेवा, जे फुटलं ते त्याच दिवशी लिहून त्यांची सही घ्या. वर्षाअखेरीला एकदम हिशेब द्यायची वेळ आली की माणसं कपाटं बंद करतात. रोजची नोंद असली की बंद करत नाहीत. फुटलेल्या परीक्षानळीचे पैसे लेकरांकडून घेऊ नका. एकदा घेतले की गरिबाचं लेकरू परत कधी हात पुढं करत नाही, फक्त बघत उभं राहतं.

आम्ल पातळ करताना नेहमी पाण्यात आम्ल, आम्लात पाणी कधीही नाही. ते तुम्हीच करा, लेकरांना पातळ केलेलंच द्या. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एका खोलीतसुद्धा ठेवू नका, एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो. स्पिरिटचा दिवा पेटता असताना त्यात स्पिरिट ओतायचं नाही. ओढण्या खोचायच्या, वेण्या मागं बांधायच्या. सगळ्यांत जास्त जपायचं ते पानाच्या चुन्याला, कारण तो घरचा म्हणून कुणी घाबरत नाही. डोळ्यात उडाला तर पंधरा-वीस मिनिटं सतत पाण्यानं धुवायचं आणि लगेच दवाखाना. म्हणून प्रयोगाच्या खोलीत भरलेली बादली आणि तांब्या आधी ठेवायचा, मग तास सुरू.

वेळेचं म्हणाल तर वेळापत्रक करणाऱ्या सरांकडं आठवड्यातून एक जोडतास मागा. मिळेपर्यंत झोका आणि दगड पस्तीस मिनिटांत बसतात. पाण्याचा प्रयोग शनिवारी सकाळच्या शाळेत घ्या.

पालकांना सांगा की दहावीला विज्ञानाच्या दोन भागांचे ४०-४० आणि प्रात्यक्षिकाचे २० असे शंभर असतात. ते २० मिळतीलच, पण उरलेल्या ८० मधले कारणं द्या, फरक सांगा, आकृती काढा हे प्रश्न हातानं केलेल्याला आठवतात. लातूर पॅटर्नच्या गावात राहून मी हे सांगते आहे. शिकवणीला जाणाऱ्या पोरांबद्दल मला राग नाही, आईबापांच्या घामाचे पैसे आहेत ते. पण अकरावीला कॉलेजच्या प्रयोगशाळेत बारीक माप घ्यायचा व्हर्निअर कॅलिपर हातात आल्यावर कावरीबावरी होणारी हुशार लेकरं मी पाहिली आहेत. तशी तुमची होऊ नयेत.

व्हिडिओचं विचारलंत. जिथं हात घालता येत नाही तिथं दाखवा: अवकाश मोहिमा, धातू वितळवण्याची भट्टी, सोडिअमचा पाण्यातला स्फोट. झोका आणि दगड व्हिडिओवर नको. व्हिडिओत दोरा कधी चुकीचा मोजलेला नसतो, आणि ४७ कधी येत नाहीत. कमी खर्चातल्या खेळण्या-प्रयोगांसाठी अरविंद गुप्तांचं काम बघा. आयआयटी कानपूरचे हे अभियंते १९७० च्या दशकात मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या वॉल्व्हट्यूबचे तुकडे यांपासून विज्ञान शिकवू लागले. पुढं त्यांनी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं काम केलं. २०१८ ला त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात.

येत्या सोमवारी सोळा नट आणि दोऱ्याचं रीळ घेऊन वर्गात जा. तासाच्या शेवटी फळ्यावर सोळा गटांचे सोळा आकडे असतील. काही जुळतील, एखादा अगदीच वेगळा येईल. फळा पुसायच्या आधी त्याचा फोटो काढून मला पाठवा, आणि त्या वेगळ्या आकड्याच्या गटानं दोरा कुठून कुठपर्यंत मोजला होता तेही लिहा.

तुमची,
बाई